चार पावलं लांब जाऊन केलेला फोन

“पळ गं, पळ! मी थांबलेय ना!”

गल्लीच्या टोकाला दप्तर पोटाशी धरून ताई हाक मारायची आणि धाकटी धापा टाकत धावायची. त्याला चाळीस वर्षं झाली. आज स्टेशनाबाहेर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या धाकटीच्या कानात सकाळपासून तीच हाक घुमत होती. अकरा वाजता ताईला ऑपरेशनला आत नेणार होते. “आधी तुझं तोंड बघीन, मग डोळे मिटीन,” असं तिने बजावलं होतं. आणि साडेनऊ तर इथेच वाजले.

पहिली टॅक्सी आली तशी गेली. दुसरी आली. धाकटी शिवणकाम करणारी, तिची नजर म्हणजे मोजपट्टी. गाडी पुरती थांबायच्या आत ती म्हणाली, “हीसुद्धा नाही. दार अरुंद, पायरी गुडघ्याएवढी.”

ड्रायव्हरने उतरून खुर्चीमागे उभ्या धाकटीच्या नवऱ्याकडे बघत कपाळाला हात लावला. “काका, ही मोटरची खुर्ची! फोनवर तर घडीची म्हणालात. आता डिकीत घालू की डोक्यावर घेऊ? मावशींना उचलून ठेवू म्हणा, पण खुर्चीचं काय?”

“उचलून ठेवायला मी पोतं आहे का?”

तो ओशाळला. “तसं नाही हो, मावशी. आमच्याच ऑफिसात फळीच्या दोन गाड्या आहेत. मागचं दार उघडायचं, फळी टाकायची, खुर्ची सरळ आत. नीट सांगितलं की देतात.”

तो गेला. धाकटीचा नवरा घड्याळजी. मनगटावरचं घड्याळ तो आता मिनिटामिनिटाला बघत होता. “थांब, पुन्हा लावतो,” म्हणत चार पावलं लांब गेला आणि त्याने पाठ फिरवली. कुठेही गाडी ठरवायची असली की त्याची हीच रीत. तिला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

तीन वर्षांपूर्वी आजारात तिचे पाय गेले. “वेळ लागेल, पण येतील, डॉक्टर म्हणालेत,” असं तो सांगायचा, आणि कोरड्या विहिरीपाशी घागर घेऊन बसावं तशी ती आस लावून बसायची.

आज तिला दम निघेना. तिने खुर्ची हळूच त्याच्या मागे नेली.

“...हो, हो, चालते ना! जरासा पाय दुखतो, एवढंच. हात दिला की उभी राहते. महिन्याने गावी परत जाऊ, तोवर ठणठणीत होईल.”

“अहो, कोण उभी राहते?”

तो दचकून वळला. “अगं, मोटरची खुर्ची म्हटलं की लोक फोन ठेवतात.”

“आणि आत्ता तो ड्रायव्हर काय सांगून गेला? तुमची ती चालणारी बायको बसेल त्या गाडीत. मी कशात बसू? तिकडे माझी ताई दाराकडे डोळे लावून असेल!”

केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने अलगद उचलणाऱ्या हातात त्याने फोन घट्ट आवळला. फोनमधली बाई विचारत होती, “हॅलो? काका, साधीच पाठवू ना?”

“साधी नको.” या वेळी त्याने पाठ फिरवली नाही. “फळीची पाठवा. माझी बायको चालत नाही.”

“मग आधी सांगायचं ना! दहा मिनिटांत येईल. महिन्याने परत जाताना मात्र साधी चालेल ना?”

फोन कानालाच होता, पण नजर धाकटीवर होती.

“तेव्हाही हीच लागेल,” तो म्हणाला. “कायम हीच लागेल. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं गं.”