आत्याला विचारलं होतं

युगांडातल्या आमच्या बुगांडा मुलखात मुलीच्या अंगाची गोष्ट आईशी बोलायची नसते. ते काम आत्याचं. नऊ भाच्या माझ्या; न्हाण आल्यापासून बाळंतपणापर्यंत सगळ्या माझ्याकडेच आल्या, आणि मीही काही कमी तोऱ्यात नव्हते.

नब्बोसा आली तेव्हा मी हिरवी केळी सोलत होते. गुडघे टेकून तिने नमस्कार केला आणि उठेचना.

"आत्या, छातीत गाठ लागतेय."

मी चाचपून पाहिलं. "दुखते?"

"नाही."

"मग कसलं दुखणं, बाई! न दुखणाऱ्याला कोणी आजार म्हणतं का? पोराचं दूध तोडलंस ना, ते गोठलंय."

"दवाखान्यात दाखवू का?"

"दाखव की! परका पुरुष छाती चाचपेल, मग सासरच्यांना तोंड कोण देणार? मीच ना?"

ती हसली. मी औषधी मातीची कांडी उगाळून लेप लावून दिला. पुढे दर महिन्याला ती यायची आणि मी नवी कांडी उगाळायचे. असे दहा महिने गेले.

शेवटी गाठ फुटली. वास येऊ लागला, नवरा बाहेरच्या खोलीत निजू लागला, तेव्हा कुठे मी तिला कंपालाला नेलं. डॉक्टर बाईच निघाली, नब्बोसाच्याच वयाची.

"इतके महिने काय करत होतात?" ती कडाडली.

"मीच घाबरले," नब्बोसा म्हणाली.

मी शेजारीच बसले होते. एवढी तोंडाळ बाई मी, पण नुसती तिचे कागद मांडीवर सारखे करत राहिले.

मग दर तीन आठवड्यांनी आमच्या मसाकाहून कंपालाची बस. सलाईनमधून औषध, ओकाऱ्या, केस गेले. गाठ लहान झाली म्हणून आम्ही हरखलो, तर दुखणं हाडांत उतरलेलं. एकदा बसमध्ये मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस गं?"

"त्या डॉक्टर बाईने तुला झापलं असतं, आत्या. मला ते बघवलं नसतं."

पाचव्या डोसाआधीच ती गेली.

मातीच्या दिवशी बायका म्हणाल्या, "आत्या असावी तर अशी! शेवटपर्यंत पोरीला सोडलं नाही." ते काही मला गिळवेना. उभी राहिले आणि सांगून टाकलं, तिला दवाखान्यात जाऊ न देणारी मीच. तिची धाकटी बहीण नांतेझा माझ्याकडे नुसती बघत राहिली.

चार महिन्यांनी नांतेझा दारात आली. गुडघे टेकले, नमस्कार केला.

"आत्या, मलाही गाठ लागली होती. घेवड्याच्या दाण्याएवढी."

"अगं, मग बसतेस काय? ऊठ, आत्ताच जाऊ! मी कपडे बदलते."

"जाऊन आले. काढून टाकली. साधीच निघाली."

"एकटी गेलीस?"

"आईला घेऊन गेले."

म्हणजे आईशी बोलली. मला विचारलंच नाही. किती बरं केलंस पोरी, असं म्हणायला तोंड उघडलं आणि ढसाढसा रडूच आलं. ती जवळ आली नाही. माझं रडणं थांबेपर्यंत तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, आणि मग म्हणाली, "येते, आत्या."