चार गिअर मागे

टर्नरने स्वतः बांधलेली स्पोर्ट्स कार चाचणीच्या मैदानात मागे पळाली. पुढचे म्हणून जेवढे गिअर होते, तेवढ्या सगळ्यांत. हे घडलंच नाही, असं घरात ठरलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि नीट सुरुवातीपासून बघू.

टर्नर म्हणजे पंपाच्या कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा कारागीर. केसाएवढी चूक त्याच्या बोटांना कळायची. दुसऱ्या माणसाची असेल तर त्या माणसाच्याही आधी. सहा वर्षांपूर्वी त्याने घरामागच्या शेडमध्ये गाडी बांधायला घेतली. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी, मधे लांब दांडा. म्हणजे वजन दोन्हीकडे सारखं आणि गाडी वळणावर जमीन धरून. असा गिअरबॉक्स त्याला भंगारात मिळाला, इंजिन मागे असलेल्या एका जुन्या गाडीचा. चार गिअर पुढचे, एक रिव्हर्स. आता इंजिन पुढे होतं, म्हणून त्याने अख्खा बॉक्स फिरवला आणि त्याचं तोंड पुढे करून बसवला.

त्याच दिवशी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने गिअरबॉक्सचा मेकॅनिक. वाकला, बघितलं, तोंड उघडलं.

"दाजी, हा असा फिरवलात तर..."

"मेहुणे, तुमचं काम बिघडलेलं उघडायचं. घडवायचं काम वेगळं. त्यात नाक नको."

एवढ्यावर थांबला तर तो टर्नर कसला! दुसऱ्या दिवशी त्याने पत्र्याची पाटी रंगवून शेडच्या दारावर ठोकली: 'येथे सल्ला देऊ नये.' अक्षर सुरेख होतं. मेहुण्याने ती वाचली, मान डोलावली आणि दर रविवारी येत राहिला. मागेल तो पाना हातात द्यायचा, चहा प्यायचा, हवापाण्याचं बोलायचा. असा गुणी मेहुणा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं टर्नर कारखान्यात सांगायचा.

बायको एकदा म्हणाली, "अहो, त्याला विचारून तर बघा."

"पाटी वाच."

तिने वाचली.

मग नियम आला: पुढच्या महिन्यापासून घरी बांधलेल्या गाड्यांची नोंदणी कायमची बंद. म्हणजे आत्ता पास झाली नाही, तर गाडी जन्मभर शेडमध्ये. टर्नरने रजा टाकली, जेवणं उभ्याने उरकली आणि चाचणीसाठी महिन्याच्या शेवटच्या दिवसाची तारीख मिळवली. आदल्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. मागची चाकं ठोकळ्यांवर अधांतरी होती. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. वेगाचा काटा थरथरत वर चढला. टर्नरच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने, असं त्याचं म्हणणं.

"चाकं फिरतायत का?" त्याने आतून ओरडून विचारलं.

मागे मेहुणा उभा होता. "फिरतायत!"

"डगमगत नाहीत ना?"

"छे! झकास फिरतायत!"

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

चाचणीच्या मैदानात बायको आणि मेहुणाही आले होते. तपासनीस म्हणाला, "घ्या पुढे." गाडी मागे गेली. "पुढे म्हटलं मी." टर्नरने दुसरा टाकला, गाडी आणखी जोरात मागे गेली. तिसऱ्याला तपासनिसाने फाइल छातीशी धरून उडी मारली. चौथा टर्नरने का टाकला, हे त्यालाच ठाऊक. शेवटी रिव्हर्समध्ये गाडी पुढे सरकली, कण्हत, पायी चालणाऱ्याच्या चालीने. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून टर्नरची ख्याती होती. तपासनिसाने शेरा मारला: 'वाहन उलट. नामंजूर.'

"बॉक्स फिरवला की चाकंही उलटी फिरतात, दाजी," मेहुणा शांतपणे म्हणाला. "आतली मोठी दातेरी चकती पलीकडच्या अंगाला बसवायची असते. दोन दिवसांचं काम."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तोंड शिवून बसलास?"

"पाटी होती ना."

टर्नरने बायकोकडे बघितलं. सीटची कव्हरं तिने शिवली होती. त्यांवरची धूळ ती हाताने झटकत होती.

"तुलाही माहीत होतं?"

"त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं."

"सहा वर्षं?"

"तुम्ही कधी विचारताय, बघू म्हटलं. आधी गंमत म्हणून." तिने गाडीचं दार लावलं. दार छान बसलं, केसाचीही फट नाही. "नंतर गंमत राहिली नाही. सवय झाली."

घरी आल्यावर हे घडलंच नाही, असं ठरलं. टर्नर जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याच सुरेख अक्षरात त्याने लिहिलं:

'मा. नोंदणी अधिकारी यांस विनंती अर्ज. सदर वाहनाची मागील बाजू ही पुढील बाजू म्हणून नोंदवण्यात यावी व चालकाने मान वळवून वाहन चालवण्यास हरकत नसावी. तसेच अर्जदाराच्या शेडवरील पाटी सहा वर्षांपूर्वीच्या तारखेपासून रद्द समजण्यात यावी आणि त्या मुदतीत घरात न बोलले गेलेले सर्व शब्द अर्जदारास ऐकवण्याचे आदेश संबंधितांना व्हावेत, ही नम्र विनंती.'