गॅरेजमधली लोकेशन टेस्ट

गुरुनाथ केळशीकरला या सगळ्यातून मिळणार होतं ते तांदळाच्या दाण्याएवढं. दोन इंग्रजी अक्षरं, जी. के., सर्किट बोर्डाच्या कोपऱ्यात, पांढऱ्या शाईत. बोर्ड व्हिडिओ गेमच्या आर्केडमधल्या, पायाखालच्या बाणांवर नाचायच्या मशीनचा, म्हणजे बसणार पत्र्याआड, मशीनच्या पोटात. अक्षरं वाचणार फक्त दुरुस्तीवाला, तोही वैतागलेला असताना. तरी गुरुनाथला ती हवीच होती. कंपनीच्या जपानमधल्या, ओसाकाच्या हार्डवेअर टीमचा रिवाजच होता की ज्याने मशीन घडवलं, त्याचं नाव बोर्डावर जातं. गुरुनाथच्या, अमेरिकेतल्या रेडमंडच्या ऑफिसातल्या कुणाचं अजून गेलं नव्हतं. पगारवाढ दिली असती तर तीही त्याने घेतली असती, पण ती कुणी देत नव्हतं.

त्यासाठी एकच काम करायचं होतं, लोकेशन टेस्ट. नमुन्याचं मशीन खऱ्या आर्केडमध्ये ठेवायचं आणि लोक कसे खेळतात ते कॅमेऱ्यात टिपायचं. टीमप्रमुख कितामुरा-सान यांचा नियम कडक. खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही, आवाजसुद्धा घ्यायचा नाही. "तोंड सभ्यपणा करतं," ते म्हणत, "पाय करत नाहीत."

मशीन आधी गुरुनाथच्या गॅरेजमध्ये उतरलं आणि त्याच आठवड्यात आर्केडमध्ये पाइप फुटला. कार्पेट वाळू दे, मालक म्हणाला. ओसाका थांबणार नव्हतं. सोमवारी डिझाइन कायम होणार होतं, आणि टेस्ट नाही तर नाव नाही.

मंगळवारी सगळ्यांना ऑफिस, म्हणून शनिवारी त्याच गॅरेजमध्ये त्याच्या बायकोने, सुलेखाने, भाचीची मंगळागौर ठेवली होती.

"ते धूड हलव," सुलेखा म्हणाली.

"चार माणसं लागतात त्याला."

"मग बोलाव चार माणसं."

"अगं, प्रोटोटाइप आहे. कॉन्फिडेन्शियल."

"मग कॉन्फिडेन्शियली हलव."

ते काही हललं नाही. बायका जमल्या, जागा अपुरी पडली, तेव्हा हिरव्या नऊवारीतल्या नीलांबरी काकू सरळ मशीनच्या चौथऱ्यावर चढल्या. काकूंनी पासष्टी कधीच ओलांडली होती. "हे बरंय, उंचावर. अनिका, ये गं, हात दे," त्यांनी भाचीला बोलावलं आणि फुगडी सुरू झाली. पायाखालचे बाण पटापट पेटू लागले. मग बसफुगडी, मग कोंबडा, मग पिंगा. सेन्सरना इतकं काम जन्मात मिळालं नव्हतं.

"काकू, शूट करू का?" गुरुनाथने विचारलं.

"कर की. पाय नीट घे, चेहरे नकोत. पावडर उतरलीय सगळ्यांची."

टेस्टच्या रिपोर्टवर त्याने लिहिलं, 'अमेरिकन खेळाडू, वॉशिंग्टन राज्य'. यात खोटं काही नव्हतं, निम्म्या बायका सिटिझन होत्या. बाकीचं कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हाच तर नियम.

ओसाकात टीमने तो मुका व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. अमेरिकन माणूस एकटा नाचत नाही, असं ठरलं. तो समोरच्याचे हात धरतो, मागे रेलतो आणि गरगर फिरतो. मध्येच उकिडवा बसून उड्या मारतो. मग मागचा कठडा काढला, चौकोनी चौथरा गोल केला, पडदा उकिडव्या माणसाच्या नजरेसमोर, म्हणजे खाली आणला. स्वतः न केलेलं दुसऱ्याला करायला लावू नये म्हणून कितामुरा-साननी बसफुगडी घालून पाहिली. उजवा गुडघा तेव्हाच गेला.

व्हिडिओ कॉलवर ते गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते. "हिरव्या कपड्यातल्या खेळाडू कोण?"

गुरुनाथला खरं सांगायची संधी होती. "त्या आपल्या नेहमीच्या खेळाडू नाहीत," तो म्हणाला.

"दिसतंच आहे," कितामुरा-सान आदराने म्हणाले. "हे मशीन त्यांनी घडवलं. त्यांचं नाव सांगा, स्पेलिंगसकट."

गुरुनाथने एकेक अक्षर सांगितलं. नाव लांब निघालं. "जागा करावी लागेल," असं म्हणून कितामुरा-साननी बोर्डाच्या आराखड्याच्या कोपऱ्यातलं जी. के. पुसलं.

वर्षभराने नवं मशीन आर्केडमध्ये दाराशीच लागलं. दोन पोरांनी सूचना वाचली. जोडीदाराचे हात धरा, उकिडवे बसा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती मोटार रेसिंगकडे वळली. दिवाळीच्या आत मशीन गुरुनाथच्या गॅरेजमध्ये परत आलं.

"काकू, तुमचं नाव आहे आत," त्याने सांगितलं.

"आत कशाला लिहिलं? बाहेर लिहायचं ना."

तर या सगळ्याची किंमत भरली कुणी? ओसाकाच्या टीमने अख्खा हिवाळा आणि उन्हाळा भरला, कितामुरा-साननी गुडघा, आर्केडवाल्याने दारातली मोक्याची जागा. गुरुनाथने दोन अक्षरं भरली आणि वर गॅरेजही, गाडी आता बाहेर पावसात भिजते. सुलेखाचं काही गेलं नाही, उलट पुढच्या श्रावणातल्या तीन मंगळागौरी तिच्याकडे आत्ताच ठरल्यात. आणि ज्यांच्या नावाचं मशीन, त्या नीलांबरी काकूंना छदामही मिळाला नाही.