उलटी जोडी

बोंबील वाळत घालावेत तर नलूने, असं मुरुडच्या कोळीवाड्यातल्या बायका म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूंमध्ये ताणलेल्या दोरीवर टांगायची, एवढंच तर काम. पण वाऱ्यात टिकायला नको? नलूची जोडी कधी म्हणून सुटली नाही.

दिवाळीनंतर तिला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. जीव वाचला हे नशीब, डॉक्टर म्हणाले. डोंबलाचं नशीब! मुलगा विनेश बोटीवरून आला की म्हणायचा, आये, आता आराम कर. पण सकाळी उठायचं कशासाठी, हेच तिला कळेना. खायला काळ नि भुईला भार, असं ती स्वतःलाच म्हणायची. पुढे पुढे तर औषधाच्या गोळ्याही गिळेना, उशीखाली दडवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

मग एक दिवस हट्टाने उठून दोरीखाली जाऊन बसली. एक बोंबील गुडघ्यांत धरायचा, दुसरा डाव्या हाताने अडकवायचा. सून प्राप्तीने टोपली पुढे सरकवली. दुपारी नलू जरा आडवी व्हायची, आणि उठून बघते तर दोरी भरलेली, एकही जोडी खाली नाही. महिनाभर असंच चाललं. नलूला भूक लागू लागली. शेजारच्या ठमीला तर ती ऐकवायला लागली, की तुझ्या दोन हातांपेक्षा माझा एक बरा.

ठमीला दाखवायलाच ती त्या मंगळवारी दोरीपाशी उभी राहिली आणि बोलता बोलता तिचं लक्ष जोड्यांकडे गेलं. डाव्या हाताने अडकवलेली जोडी उलटी बसते. दोरीवरच्या जोड्या सगळ्या सुलट होत्या.

ती तशीच आत गेली आणि प्राप्तीला विचारलं. प्राप्ती आधी नाही नाही म्हणाली, मग रडायलाच लागली. नलूच्या जोड्या अर्ध्या तासात सुटायच्या, कावळे न्यायचे, म्हणून ती रोज दुपारी सगळी दोरी नव्याने भरायची.

"मग मना सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तं तुमी परत उठलाच नसता, आये. त्या गोळ्या मना सापडल्या व्हत्या."

नलूचा संताप झाला, आणि संतापाहून लाज मोठी. दोन दिवस ती जेवली नाही. मेले असते तर बरं झालं असतं, असं तिला खरोखर वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा दोरीखाली जाऊन बसली आणि प्राप्तीला म्हणाली, "आजपासून माझ्या दोरीला हात लावू नको. मना खोटं काम नको."

प्राप्तीने हात लावला नाही. दुपारच्या वाऱ्यात जोड्या सुटत गेल्या, वाळूत पडत गेल्या, आणि नलू तिथेच बसून बघत राहिली. चाळिसातल्या तीन टिकल्या. ती मोठ्याने रडली, शेजारपाजार ऐकतोय याची तिला पर्वा राहिली नाही. प्राप्तीला बघवेना. ती मासे उचलायला वाकली.

"राहू दे," नलू म्हणाली, "ते माझे हायत." आणि वाळूत सरकत, कावळ्यांना हाकलत, ती एकेक बोंबील डाव्या हाताने टोपलीत भरू लागली.