एसटी वेशीबाहेर

गुरुवारी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी वैजापूरहून आलेली एसटी खडकपेठच्या वेशीसमोर थांबली आणि आत शिरली नाही.

चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली, वर पाहिले, खाली पाहिले आणि इंजिन बंद केले. वेशीच्या दगडी कमानीखालून जायला बसला चार बोटे कमी पडत होती.

आतल्या बाजूला तीनेकशे माणसे उभी होती. बायकांच्या हातांत ओवाळायची ताटे होती. ताशेवाले वाजवत होते. इंजिन बंद झाले तसे तेही थांबले.

"नवरदेव वेशीवर अडतोच," गर्दीतून कोणीतरी म्हणाले. "मानपान झाल्याबिगर आत येत नाय."

लोक हसले, पण थोडेच.

सहा वर्षांपूर्वी गावाला वळसा घालणारा रस्ता झाला आणि एसटी दोन किलोमीटरवरच्या फाट्यावरूनच जाऊ लागली. गुरुवारचा बाजारही हळूहळू फाट्याकडे सरकला. पेठेतल्या एकतीस दुकानांपैकी नऊ उरली. बसस्थानकाच्या आवारात बाभळी उगवल्या. त्या बाभळींत एकच हॉटेल चालू राहिले, केसरबाईंचे. सकाळी चहा, अकरापर्यंत भजी आणि नंतर गिऱ्हाइकाची वाट.

गेल्या दिवाळीनंतर गाव कामाला लागले. दर रविवारी घरटी एक माणूस, फावडे-घमेले ज्याचे त्याने आणायचे. बाभळी तोडल्या, गटार उपसले, स्थानकाला रंग दिला. वाळूजला, नाशिकला गेलेल्या दुकानमालकांना फोन केले, की निदान गुरुवारी तरी शटर उघडा. सोळा जणांनी उघडले. मग डेपोने कळवले, आठ गुरुवार बस आत पाठवून पाहू. पहिल्या फेरीला वाहतूक नियंत्रक सोबत येतील. पुढच्या सात फेऱ्या त्यांच्या अहवालावर.

केसरबाईंचा मुलगा राजकुमार वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत आणि एका खोलीत आईसाठी पलंग टाकून ठेवला आहे. त्याने आईशी करार केला होता. या गुरुवारी बस स्थानकात आली तर आईने राहायचे. नाही आली तर रविवारी तो टेम्पो आणणार आणि शेगडीसकट सगळे वाळूजला जाणार. केसरबाईंनी हो म्हटले होते. दिलेला शब्द त्या फिरवत नाहीत, हे मुलाला पक्के माहीत होते. रजा टाकून तो सकाळपासून वेशीजवळ मोटरसायकल लावून उभा होता.

बसमधून नियंत्रक बद्रीनाथ थोरे उतरले. पन्नाशीचे, काखेत रेक्झिनची बॅग. त्यांनी कमानीकडे बोट केले.

"मोजली नव्हती का?"

मोजली नव्हती. वेशीतून एसटी जाते हे गावात सगळ्यांना माहीत होते. वीतभर मोकळी जागा ठेवून चाळीस वर्षे जात होती. मग मोजायचे काय?

घोळ कामाच्या वाटणीत झाला होता. वेस वरच्या गल्लीने घेतली, रस्ता खालच्या गल्लीने. वरच्या गल्लीचे पुंजाराम गवंडी सत्तरीचे आहेत. वेशीचे ढासळलेले चिरे त्यांनी गावभर हुडकले, कोणाच्या गोठ्यातून, कोणाच्या धुण्याच्या जागेवरून, आणि एकेक करून जागच्या जागी बसवले. खालच्या गल्लीच्या गयासचे फरशी बसवण्याचे काम. वेस उभी राहिली आणि लोक फोटो काढायला लागले तेव्हा त्याने गल्लीला सांगितले, आपला रस्ता असा करू की वेस झक मारेल. पावसात पाणी साचू नये म्हणून वीतभर मुरूम टाकला, दाबला आणि वर चितेगावहून आणलेले लाल-पिवळे ब्लॉक बसवले. रस्ता वर आला. वेस होती तिथेच राहिली.

"बापू, एक चिरा काढा वरचा," गयास म्हणाला. "एकच."

"वरचा चिरा काढल्यावर कमान राहती व्हय?" पुंजाराम म्हणाले. "तुला फरशीतलं कळतं, तेवढंच बोल."

"मग काय रस्ता खाली दाबू?"

"तूच उचललास ना वर? लई हौस होती."

"हौस होती म्हणून तुमच्या दारात चिखल नाही होत आता. जरा तो सोचो, बापू."

एका तरुणाने टायरमधली हवा काढायची युक्ती सुचवली. चालक म्हणाला, "तुझ्या डोक्यातली काढ आधी. हवा काय तू भरणार तोंडानं?"

थोऱ्यांनी घड्याळ पाहिले. नऊ वाजून सत्तावीस मिनिटे झाली होती. "हे बघा, परतीच्या फेरीला मला उशीर चालणार नाही. दहापर्यंत थांबतो. नाही जमलं तर अहवालात लिहीन, रस्ता बसयोग्य नाही."

राजकुमार आईकडे बघत नव्हता. तो मोटरसायकलचा आरसा पुसत होता.

केसरबाई एवढा वेळ किटली घेऊन उभ्या होत्या. गर्दीतून वाट काढत त्या वेशीखाली आल्या. आधी त्यांनी थोऱ्यांना चहा दिला, मग चालकाला, मग उरलेला अर्धा कप पुंजारामांना. गयासला दिला नाही.

"वेस पाडली तर दिवस जाईल," त्या म्हणाल्या. "फरशी उचलायला किती वेळ लागतो रे गयास?"

"मावशी, सहा रविवार घातलेत त्यात. उचलायचं नाव पण काढू नका."

"बसवायला किती लागले ते विचारलंच नाय मी."

गयासने वर वेशीकडे पाहिले, मागे गल्लीकडे पाहिले. तेवढ्यात त्याची बायको सगीरा ओवाळायचे ताट शेजारणीकडे देऊन पुढे आली. तिने कडेची पहार उचलली आणि पहिल्या ब्लॉकच्या सांध्यात घातली.

"अगं, ये क्या करती?"

"घरात मोरीची फरशी दोन वर्षं हलतीय, ती बसवली नाय," सगीरा म्हणाली. "ही तरी उचलून दाखव."

आता मात्र लोक मनापासून हसले. गयास खाली बसला, बायकोच्या हातातून पहार घेतली आणि ओरडला, "पूर्ण नका उखडू! चाकाखालचे दोनच पट्टे! लाल लालमधी, पिवळे पिवळ्यामधी रचा!"

नऊ वाजून एकतीस मिनिटांनी काम सुरू झाले. रविवारच्या कामाची सवय होतीच. ज्याचे त्याचे फावडे ज्याच्या त्याच्या घरातून पाच मिनिटांत आले. वेशीच्या अलीकडे-पलीकडे मिळून पन्नासेक फूट, दोन पट्टे, प्रत्येकी दोन हात रुंद. बायकांनी ताटे दुकानाच्या ओट्यावर ठेवली आणि ब्लॉक वाहायला रांग लावली. ताशेवाल्यांनी ताशे उतरवून घमेली घेतली. पुंजाराम बसच्या टपावर चढले आणि कमानीखाली सुतळी धरून वरून सांगत राहिले, "अजून दोन बोटं. डावीकडं अजून. गयास, तुझी डावी कुठली रे?"

"तुम्ही वरून पडू नका, बापू. नाहीतर दोन्ही गल्ल्या माझ्या नावानं ओरडतील!"

राजकुमार काही वेळ तसाच उभा होता. पावणेदहाला त्याने हेल्मेट आरशाला अडकवले आणि एकाच्या हातातून फावडे घेतले.

"तुला रं कशाला?" केसरबाईंनी विचारले. "तुझ्या फायद्याचं हाय, नाय झालं तर."

"हिशेब चोख ठेवतोय, माय," तो म्हणाला. "नंतर म्हणशील, पोरानं मुद्दाम काम रेंगाळवलं."

नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी चालकाने इंजिन चालू केले. पुंजाराम टपावरून उतरायला तयार नव्हते. थोऱ्यांनी दम दिला तेव्हा उतरले. बस पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पट्ट्यांत उतरली. कमानीखाली टपाला एकदा खर्रकन आवाज आला. मग मागची चाके बाहेर आली आणि दहा वाजून तीन मिनिटांनी बस स्थानकात उभी राहिली.

ओवाळणी झाली, नारळ फुटला. जाताना बसमध्ये सत्तावीस प्रवासी होते. थोऱ्यांनी केसरबाईंच्या बाकावर बसून भजी खाल्ली, दुसरी प्लेट घेतली आणि बॅगेतून कागद काढून काहीतरी लिहिले. काय ते दिसले नाही. गयासने विचारले तेव्हा म्हणाले, "जे झालं ते लिहिलंय. डेपो मॅनेजर काय वाचतील, ते त्यांचं."

राजकुमार दुपारी वाळूजला निघाला. बस स्थानकात आली, हे त्याने मान्य केले. मात्र ती वेळेत आली असे धरायचे की नाही, यावर मायलेकांत एकमत झाले नाही. रविवारचा टेम्पो त्याने रद्द केला नाही, एक आठवडा पुढे ढकलला.

रविवारी दोन्ही गल्ल्या वेशीखाली जमल्या. रस्ता उतरता करायचा असे ठरले. किती, यावर पुंजाराम आणि गयास सुतळीची दोन टोके धरून दुपारपर्यंत भांडले. ब्लॉक अजून ओट्यावर रचलेले आहेत, लाल लालमध्ये, पिवळे पिवळ्यामध्ये.

बुधवारी संध्याकाळपर्यंत डेपोचे पत्र आले नव्हते. ग्रामपंचायतीतून तीनदा फोन केला. थोरे साहेब फेरीवर आहेत, असे सांगण्यात आले. सहा वाजता केसरबाईंनी दूधवाल्याला निरोप धाडला. रोजच्या चार लिटरऐवजी उद्या नऊ लिटर आण.