हरतालिकेची तारीख

शेजारच्या आल्बिनाच्या लिडियाला नोकरी नको होती. कॉलेज संपल्यापासून तिचा एकच धोशा, "सर, एखादा साधा धंदा सुचवा ना." संध्याकाळी आमच्या ओट्यावर नंदाखाल गावातली मुलं अभ्यासाला बसत, त्यांच्यात तीही येऊन बसायची. आधी तिने मेणबत्त्या ओतून पाहिल्या, त्या वाकड्या झाल्या. मग केळ्याचे वेफर्स तळले, ते ओट्यावरच्या पोरांनीच फस्त केले.

"डोकं खाजवून धंदा सुचत नाही, बाय," मी म्हणालो. "लोक कुठे वैतागतात ते जाऊन बघ. माणूस जिथे चरफडतो, तिथे तुझं काम."

तिने ते मनावर घेतलं. स्टेशनपलीकडे आचोळ्याला सदानंदशेठचं पूजासाहित्याचं दुकान होतं. गणपतीच्या हंगामात ती तिथे मदतीला राहिली आणि नुसती बघत बसली. नव्या इमारतींतल्या बायका यायच्या, कोणी कोकणातली, कोणी देशावरची. गणपतीला एकवीस प्रकारची पानं वाहायची असतात. गावी ती परसात मिळत. इथे त्या बायका पत्री शोधून दमत आणि दुर्वा म्हणून कसलंही वाळकं गवत घेऊन घरी जात.

लिडिया धावतच माझ्याकडे आली. "सर, त्यांना मिळत नाही ते सगळं आपल्या वाडीत उगवतं! आघाडा तर आपण उपटून फेकतो!"

दुसऱ्या दिवशी मी मुलांना घेऊन वाडीभर हिंडलो. आघाडा कोणता, माका कोणता, डोरलीचे काटे कसे, शमीचं पान बारीक कसं. पोरं खूश, लिडिया त्यांच्याहून खूश. तिने एकवीस पानं आणि दुर्वांची जुडी केळीच्या सोपटात, म्हणजे केळीच्या खांबाच्या ओल्या पदरात, गुंडाळली. त्यात पानं दोन दिवस टवटवीत राहतात. अशा पुड्यांची टोपली घेऊन ती हरतालिकेच्या दिवशी दुकानात गेली आणि शेठला म्हणाली, आपण हे विकूया.

शेठने एक पुडा उचलून गिऱ्हाइकांना दाखवला. "बघा हो वहिनी! आता पाववाले किरिस्ताव आपल्या गणपतीला पत्री घालणार!"

बायका हसल्या. शेठला चेव आला. त्याने टोपली उचलून दुकानाच्या पायरीखाली ठेवली. "खाली उतर. पाव खाणाऱ्या पोरीची पत्री देवाला चालत नाही."

घरी येऊन तिने टोपली विहिरीकाठी पालथी केली. रडली नाही. मला वाटलं, विसरेल.

पुढच्या श्रावणात ती आचोळ्याला मैत्रिणीकडे गेली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत आली. शेठच्या दुकानावर फलक लागला होता: एकवीस पत्री, ताजी, केळीच्या सोपटात, घरपोच. सगळ्या इमारतींतून मागण्या घेणं चालू होतं. आणि पानं येणार होती नंदाखालहूनच. आमच्या वाड्यांचा माल टेम्पोने बाजारात नेणाऱ्या सॅन्टनशी त्याने बोलणी केली होती.

"चोर!" लिडिया म्हणाली. "सर, माझी पत्री देवाला चालत नाही, आणि त्याने चोरली की चालते?"

"मग दुसरं काही शोधूया."

"दुसरं नको. हेच पाहिजे. त्याच पायरीवर, त्याच बायकांसमोर. त्याच्या तोंडून माझं नाव निघालं पाहिजे."

तिला मी समजावलं, अगदी लहान मुलाला समजावतात तसं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं, सर?"

त्याच आठवड्यात मी मुलांना तिथी आणि तारीख यांतला फरक शिकवत होतो. सणाची तिथी तीच राहते, तारीख मात्र दरवर्षी सरकते, हे पटवायला भिंतीवरचं कॅलेंडर ओट्यावर आणलं. "शोधा पाहू, या वर्षी हरतालिका कधी?"

लहानगी हिल्डा ओरडली, "आठ सप्टेंबर! सर, तो तर मारियामाउलीचा वाढदिवस!"

लिडियाने कॅलेंडर हिल्डाच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. चौकटीत वर हरतालिका, खाली बारीक अक्षरात आमचा सण. तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"सॅन्टनमामाला शेठने काय सांगितलंय, ठाऊक आहे? 'हरतालिकेच्या सकाळी ताजी कापून आण.' तारीख सांगितलीच नाही. त्यांच्यात सगळे तिथीने बोलतात."

आणि सॅन्टनला हरतालिका कधी ते कळायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे माउलीच्या सणाला नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. त्याआधी नऊ दिवस मुलं वाड्यांतली फुलं वेचून वेदीवर वाहतात. सणाच्या दिवशी कोणी कोयत्याला हात लावत नाही.

"सॅन्टनला सांगशील ना?" मी विचारलं.

"त्याने विचारलं तर सांगेन. शेठने माझी कल्पना नेली, सर. कॅलेंडर पण न्यायचं होतं."

मीही सॅन्टनला सांगायला गेलो नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

सात तारखेला दुपारभर तिने, आल्बिनाने आणि ओट्यावरच्या सगळ्या पोरांनी पानं खुडली. पुडे बांधून ओल्या गोणपाटाखाली विहिरीच्या सावलीत ठेवले. आल्बिना कुरकुरली, "सणाच्या दिवशी धंदा करणार तू?"

"चर्चमधली मिस्सा झाल्यावर, आई. माउली रागवायची नाही. ती पण कोणाची तरी मुलगीच ना?"

सणाच्या दुपारी मी सॅन्टनकडे जेवायला होतो. पान वाढलं होतं, घर पाहुण्यांनी भरलं होतं, तेवढ्यात रिक्षा थांबली. सदानंदशेठ घामाघूम होऊन दारात.

"अरे सॅन्टन, माल कुठाय?"

"या शेठ, जेवायला बसा. आज सण आमचा."

"सण? अरे, आज हरतालिका!"

"असेल की. तारीख कुठे सांगितलीत तुम्ही? मी म्हटलं, सांगतील."

"मग आता काप ना! उद्या सकाळी गणपती बसतात लोकांचे!"

"आज कोण कोयता धरणार, शेठ? तुम्हीच शिरा वाडीत. आघाडा ओळखता ना?"

पंक्तीत हशा पिकला. शेठ दारातच उभा. त्याला आघाडा ओळखता येत नव्हता. दादरच्या फुलबाजारातून माल आणायची वेळ टळून गेली होती.

चारच्या सुमारास लिडिया आणि मी टोपल्या घेऊन आचोळ्याला पोहोचलो. दुकानासमोर बायकांचा घोळका, प्रत्येकीचं उपवासाचं तोंड आणि त्यात संताप. शेठ आत हात जोडत होता. लिडियाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती त्याच पायरीवर बसली आणि गोणपाट बाजूला केलं. ओल्या पानांचा वास सुटला.

सरोजिनीकाकू पुढे आल्या. गेल्या वर्षी सगळ्यांत मोठ्याने त्याच हसल्या होत्या. "अगं, तू तीच ना गं?"

"तीच, काकू. पाव खाणारी."

काकूंनी पुडा उघडून दुर्वांचं टोक चुरगळून पाहिलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "दोन दे. एक जावेला."

मग रांगच लागली. शेठ बाहेर आला, वाकला, हळूच बोलला, "पोरी, सगळा माल मला देऊन टाक. म्हणशील तो भाव."

"नाही शेठ. तुमच्या गिऱ्हाइकांना मीच देते."

"माझ्या पायरीवर बसून?"

"तुम्हीच तर खाली उतरवलं होतंत. आता वर आले."

बायका ऐकत होत्या. त्याला तिला हाकलणं शक्य नव्हतं. हाकललं असतं तर त्यांनी त्यालाच फाडून खाल्लं असतं. टोपल्या रिकाम्या होत आल्या. शेवटचे काही पुडे राहिले आणि शेठ पुन्हा समोर उभा राहिला. या वेळी खिशात हात घालून, अवघडून.

"एक मला दे. घरी गणपती आहे."

"रांगेत या हो, शेठ," सरोजिनीकाकू म्हणाल्या.

तो रांगेत गेला. त्याची पाळी आली तेव्हा लिडियाने पुडा हातात धरून ठेवला.

"देवाला चालेल ना?"

"चालेल."

"कोणाची पत्री?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मागे ऐकू गेलं नाही, शेठ."

"लिडियाची," तो म्हणाला. मोठ्याने. पुडा घेतला, इतरांइतकेच पैसे दिले आणि आत गेला. थोड्या वेळाने त्याचा नोकर स्टूल घेऊन बाहेर आला आणि फलक उतरवू लागला. लिडिया तो पूर्ण उतरेपर्यंत बसून राहिली.

परतताना स्टेशनच्या पुलावर मी विचारलं, "निवला का राग?"

तिने रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली आणि हसली.

"सर, मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्या बायकांना घटाला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. त्या पण शेठच विकतो ना?"