टरफले कुटणारा खल

मी एक जुना लोखंडी खल आहे. माझ्या पोटात थोडा गंज आहे आणि मनात एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मित्रांनो, वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले. माझ्यासोबत माझा बत्ताही घडला. आजीने आम्हाला घरी आणले ते कोंबड्यांसाठी. तिच्या अकरा कोंबड्या होत्या. ती अंड्यांची टरफले धुवायची, तव्यावर खरपूस भाजायची आणि माझ्यात पिठासारखी होईपर्यंत कुटायची. वर थोडा वाळलेला पाला आणि लसणाची एकच पाकळी. दोन टाकल्या तर अंड्यांना वास येतो म्हणे. हा भुगा दाण्यात मिसळला की अंडी टणक कवचाची होत. शेजारीण म्हणायची, "तुझी अंडी फोडायला हातोडी आणू का?" आजी गालात हसायची. त्या कौतुकात मी माझाही वाटा धरत असे.

मग आजी पायरीवरून घसरली. मनगटाला प्लॅस्टर लागले आणि ती लेकीकडे राहायला गेली. कोंबड्या सुनेकडे आल्या. सून कष्टाळू, पण तिला माझा ठणठणाट सोसेना. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिने बत्ता दाराखाली लावला आणि मला पाणी भरून खुराड्यात ठेवले. टरफले ती कच्चीच, हाताने चुरडून टाकू लागली. मोठमोठे तुकडे, आतला ओला पापुद्राही तसाच.

एक पांढरी कोंबडी फार तोऱ्यात चालायची. आजी तिला मास्तरीण म्हणायची. पाचव्या दिवशी मास्तरणीने आपलेच अंडे चोचीने फोडून खाल्ले. चव आता ओळखीची झाली होती. मी शेजारीच होतो, पाण्याने तुडुंब. मला कारण कळत होते, पण बत्त्याशिवाय खलाला आवाज नसतो.

तिचे पाहून आणखी चौघी शिकल्या. वैतागून सुनेने मास्तरणीला पिशवीत घातले आणि खाटकाकडे पोहोचवले.

प्लॅस्टर निघाल्यावर आजी परतली ती थेट खुराड्यापाशी.

"मास्तरीण कुठंय गं?"

"आई, तिला अंडी खायची खोड लागली होती. दिली खाटकाला."

"टरफलं भाजून कुटत होतीस ना?"

"हातानंच चुरडत होते. पोटात गेल्यावर सगळं एकच की."

आजी खाली बसली. "अगं, मग तूच शिकवलंस तिला. अंड्याची ओळख पटू नये म्हणून तर एवढं भाजून कुटायचं."

सून म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही."

"नाही सांगितलं," आजी म्हणाली. "ते माझं चुकलं."

त्याच दुपारी सुनेने मला घासले आणि दाराखालचा बत्ता आणला. आता ठणठणाट रोज होतो. पण चौघींची खोड अजून गेलेली नाही. सकाळी सून घरट्यात हात घालते, तेव्हा कधी हाताला फक्त ओले गवत लागते.

मित्रांनो, जुनी वस्तू बाजूला ठेवलीत तर मी रागावणार नाही. ठेवण्याआधी एवढेच विचारा, ही नेमके काय काम करत होती? आणि ते काम तुम्हालाच ठाऊक असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका.